शरदातला सोपारा : एक धम्मयात्रा



आमचे कुटुंब पाच माणसांचे. आमचे हे जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यात कामाला आहेत. मी डाळ मिलमध्ये निवडणीला जाते. थोरली मुलगी नववीत, धाकटा मुलगा पाचवीत आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. यांनी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन गर्दीच्या पाठीमागून समुद्र पाहिला होता. बाकी आम्हा चौघांना पाणी म्हटले की तापी, गिरणा आणि मेहरूणचा तलाव, एवढेच ठाऊक होते.

सुरुवात झाली ती थोरलीच्या भूगोलाच्या पुस्तकापासून. एका रात्री ती मोठ्याने धडा वाचत होती. युरोपच्या खाली आणि आफ्रिकेच्या वर, जमिनीच्या मधोमध एक मोठा समुद्र आहे, त्याला भूमध्य समुद्र म्हणतात. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो, आणि शरदात डोंगरउतारावर द्राक्षांची तोडणी चालते. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, "पप्पा, आपण एकदा शरदात तिकडे जाऊ या ना!"

आम्ही सगळे हसलो. ज्यांना बोनसमधून गहू भरायचा, त्यांनी द्राक्षांची तोडणी बघायला परदेशी जायचे! पण हे हसले नाहीत. ते म्हणाले, "तिकडे जाणे आपल्याला जमणार नाही. पण तिकडची माणसे जहाजातून जिथे उतरत होती, ते बंदर आपल्या महाराष्ट्रातच आहे. नालासोपारा. विहारात गुरुजींनी सांगितले होते. तिथे जाऊ."

दिवाळीत यांच्या कारखान्याला चार दिवस सुट्टी असते. आपण दिवाळी करीत नाही, म्हणून दरवर्षी ती सुट्टी झोपण्यात आणि पत्रे शाकारण्यात जाते. या वेळी भिशीचे पैसेही हातात आले होते. अश्विन पौर्णिमा होऊन गेली होती. भिक्खूंचा वर्षावास या पौर्णिमेला संपतो. पावसाचे तीन महिने एका जागी राहून, चिखल सुकला की ते पुन्हा चारिकेला निघतात. म्हणजे शरद हा आपल्या परंपरेत प्रवासाचाच ऋतू आहे. निघायचे ठरले.

उंबऱ्यावरचे भांडण

येथे घरातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी धाकट्याला कावीळ झाली होती. तेव्हा सासूबाईंनी कोणाला न सांगता एका देवाला नारळाचा नवस बोलला. यांना ते कळले आणि घरात मोठा आवाज झाला. "बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात नवस?" यांचे म्हणणे चूक नव्हते. पण त्या दिवसापासून मायलेकांत कामापुरतेच बोलणे राहिले.

आता निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. एवढ्यात घरात मिरच्यांचा ठसका उठला. सासूबाईंनी धाकट्यावरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या होत्या. लांबचा प्रवास, पोर लहान, एवढेच त्यांच्या मनात. यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "असले करून धम्मयात्रेला निघायचे असेल तर मी येत नाही." सासूबाई खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू जाय रे भो, मी घर राखस."

मी दोघांच्या मध्ये उभी. शेवटी थोरलीने आजीचा हात धरला, धाकट्याने तिची पिशवी घेतली आणि आम्ही निघालो. पण रिक्षात कोणी कोणाशी बोलले नाही.

खान्देशातून समुद्राकडे

रात्रीची गाडी होती. चाळीसगाव मागे पडले तेव्हा यांनी थोरलीला खिडकीतून काळोखात सातमाळ्याचा डोंगर दाखवला. त्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, तिकडे पलीकडे अजिंठा. या लेण्या अशा आडरानात का कोरल्या, असे पुष्कळांना वाटते. पण त्या काळी ते आडरान नव्हते. पैठणहून निघालेला व्यापारी घाट उतरून आपल्या खान्देशाच्या सपाटीवर यायचा आणि पुढे भडोचच्या बंदराकडे जायचा. त्या वाटांवर ही लेणी आहेत. पितळखोऱ्याच्या दानलेखांत पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, राजवैद्य आहे. एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ती वही आज 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात भडोच आहे, कल्याण आहे आणि 'सुप्पारा' म्हणजे आपला सोपाराही आहे. पैठण आणि तेर येथून गाड्या भरभरून माल भडोचला येतो, त्यात सुती कापड पुष्कळ असते, असे तो सांगतो. रोमचा प्लिनी नावाचा लेखक तर कुरकुर करतो की भारताच्या मालापायी आमचे कोट्यवधी नाणे दरवर्षी तिकडे जाते.

हे ऐकून मी सासूबाईंकडे पाहिले. धुळे जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी त्यांनी उभे आयुष्य दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला. पुस्तकात व्यापाऱ्यांची नावे येतात. तो कापूस कोणी वेचला, त्यांचे नाव कुठे येत नाही. पण हात होतेच ना!

नाशिक आले तेव्हा पहाट व्हायची होती. येथील त्रिरश्मी लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तिथे १७ क्रमांकाचे लेणे एका यवनाने दान दिले आहे. यवन म्हणजे ग्रीक. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, असे त्याने कोरून ठेवले आहे. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवरही यवन दात्यांची नावे आहेत. बापाचे नाव धम्मदेव, म्हणजे ते घराणे आधीपासूनच धम्माच्या वाटेवर असावे. संघाने त्याला जात विचारली नाही, दान घेतले आणि नाव कोरू दिले.

बुरूड राजाचा कोट

दादरला उतरून विरारची लोकल धरली. सकाळी गर्दी चर्चगेटकडे जाते, त्यामुळे उलट दिशेला आम्हाला बसायला जागा मिळाली. नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरलो. इमारतींची दाटी, दुकाने, माणसांची वर्दळ. हेच ते प्राचीन शूर्पारक, यावर विश्वास बसेना. पण रिक्षा जुन्या सोपारा गावाकडे वळली, झाडी सुरू झाली, आणि एका उंचवट्यापाशी रिक्षावाल्याने गाडी उभी केली. "स्तूप ना? हाच."

विटांचा एक मोठा ढिगारा, भोवती झाडे आणि शांतता. अजिंठ्यासारखे डोळे दिपवणारे येथे काही नाही. धाकटा हिरमुसला. या जागेला गावात 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले आहेत. बुद्धाचे नाव लोक विसरले, स्तूप आहे हेही विसरले. पण टेकाडाला नाव राहिले ते टोपल्या विणणाऱ्या जातीच्या राजाचे! मला ते ऐकून बरे वाटले.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड मधोमध खणले. आत दगडाची एक गोल पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती बुद्धांच्या आठ धातूच्या मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. धाकट्याचा चेहरा खुलला. "आणि सोन्याच्या डबीत काय होते?" सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या भांड्याचे १३ तुकडे होते. तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपले होते, असे भगवानलालांचे मत पडले. सोन्यात हिरे ठेवतात, येथे खापर ठेवले होते. सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे चांदीचे एक नाणेही सापडले. हा सारा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

आम्ही तिथेच बसून त्रिसरण-पंचशील घेतले. मग यांनी पुण्ण भिक्खूची गोष्ट सांगितली. पुण्ण हा सुनापरांत म्हणजे या पश्चिम किनाऱ्याकडचा, आणि परंपरा सांगते की तो सोपाऱ्याचा व्यापारी होता. तो आपल्या मुलखात धम्म सांगायला निघाला तेव्हा भगवंतांनी विचारले, तिथले लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाला, मी समजेन, हात उगारला नाही एवढे हे भले आहेत. हात उगारला तर? दगड मारले नाहीत, एवढे भले आहेत. असे करत करत प्रश्न जिवावर येऊन ठेपतो, तरी पुण्णाचा आवाज चढत नाही. मज्झिम निकायात हे सूत्र आहे.

गोष्ट सांगून हे गप्प झाले. सासूबाई तिकडे तोंड करून विटा पाहत होत्या.

प्रवास कसा करावा

सोपाऱ्याचे खरे धन विटांत नाही, अक्षरांत आहे. त्याच १८८२ साली येथील भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. १९५६! ज्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मचक्र पुन्हा फिरवले, त्याच वर्षी आपल्या किनाऱ्यावर अशोकाची अक्षरे मातीबाहेर आली.

आठवा लेख प्रवासाबद्दलच आहे, हे मला येथे आल्यावर कळले. त्याचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेला म्हणजे मौजेला निघत, शिकार करीत. अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर मी संबोधीला म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट व दान, वृद्धांची भेट व त्यांना धनाची मदत, खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट, त्यांच्याशी धम्माची विचारपूस असते. मला यातच अधिक आनंद वाटतो, असे राजा सांगतो.

बघा, यात देवळे मोजणे नाही आणि स्थळे उरकणे नाही. धम्मयात्रा म्हणजे माणसांना भेटणे. धुळ्याजवळ लळिंगला लांडोर बंगल्यावर आपण ३१ जुलैला जातो. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि तिथे थांबले, त्याची ती आठवण. तिथे तरी पाहण्यासारखे काय आहे? पण गावोगावची माणसे भेटतात, म्हातारी माणसे जुन्या गोष्टी सांगतात. तीच अशोकाची धम्मयात्रा.

एवढे पाणी

दुपारनंतर कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूची झाडे संपली आणि एकदम समोर समुद्र! पाऊस सरलेला, आकाश धुतल्यासारखे, ऊन मात्र ऑक्टोबरचे कडक. मुले धावत सुटली. सासूबाई वाळूत चपला काढून उभ्या राहिल्या. लाट पायावर आली तशी त्यांनी ओंजळीत पाणी घेतले, चाखले आणि थुंकून टाकले. "इतलं पानी, आन् पेवाले एक थेंब नई!"

आयुष्यभर पाणवठ्यावर लांब उभे राहून, कोणी वरून ओतेल तेव्हा प्यायलेली ती बाई. तिच्यासमोर आज एवढे पाणी होते, तिला कोणी अडवत नव्हते, आणि ते खारट निघाले. आम्ही हसलो, त्याही हसल्या. यांच्या ओठांवर हसू आले, पण ते दुसरीकडे बघू लागले.

थोरलीने नकाशा वाळूवर पसरला, चारी टोकांना शिंपले ठेवले. तिने पश्चिमेला बोट केले. "सरळ तिकडे गेले की अरबस्तान, मग तांबडा समुद्र, मग इजिप्त, आणि वर भूमध्य समुद्र." मग यांनी गुरुजींकडून ऐकलेले सांगितले. भूमध्य समुद्रावरच्या अलेक्झांड्रिया शहरातून माल नाईल नदीने वर जायचा, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून बेरेनिके या तांबड्या समुद्रावरच्या बंदराला. तिथून जहाजे जुलैच्या सुमारास निघत. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून वाहतो, तो त्यांना आपल्याकडे ढकलत आणी. भर पावसाळ्यात आपला किनारा धोक्याचा, म्हणून पाऊस ओसरता ओसरता, आताच्या या दिवसांत ती बंदराला लागत. मग वारा फिरे, आणि हिवाळ्यात उलट्या वाऱ्यावर ती परत जात. येताना दारू, पोवळे, सोन्या-चांदीची नाणी. जाताना सुती कापड, मिरी, मौल्यवान खडे. सुएझचा कालवा १८६९ साली झाला, त्याआधीची दोन हजार वर्षांपूर्वीची ही वाट.

त्या वाटेने नुसता माल गेला नाही. बेरेनिकेच्या उत्खननात २०२२ साली एका देवळाच्या आवारात तथागतांची संगमरवरी मूर्ती सापडली. २०२३ साली ही बातमी जाहीर झाली. मूर्ती सुमारे ७१ सेंटिमीटर उंच, दुसऱ्या शतकातली, मस्तकामागे तेजोवलय. तिचा दगड भूमध्य समुद्राकडच्या भागातला, इस्तंबूलच्या दक्षिणेचा, असे संशोधक सांगतात. म्हणजे दगड तिकडचा आणि बुद्ध इकडचा! त्याच ठिकाणी सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. सोपाऱ्याच्या स्तूपात निघालेले नाणेही सातवाहनांचेच आहे.

त्याच्याही चारशे वर्षे आधी अशोकाने तेराव्या लेखात पाच यवन राजांची नावे दिली आहेत. हा लेख कालसी, शाहबाजगढी अशा ठिकाणच्या खडकांवर आहे. सीरियाचा अंतियोक, इजिप्तचा तुरमाय म्हणजे टॉलेमी, मॅसिडोनियाचा अंतिकिनी, आजच्या लिबियातल्या सायरीनचा मग, आणि ग्रीसकडचा अलिकसुदर. या पाचांची राज्ये भूमध्य समुद्राला लागून होती. कलिंगात एक लाख माणसे मेली, दीड लाख लोकांना पकडून नेले, याचा पश्चात्ताप त्याच लेखात आहे. धम्माचा विजय हाच खरा विजय, आणि तो त्या पाच राजांच्या मुलखापर्यंत पोचला, असे अशोक सांगतो. आणि या आपल्या अपरांतात धम्म सांगायला संघाने पाठवलेला थेर कोण? महावंसात नाव आहे, योनक धम्मरक्खित. एक यवन भिक्खू कोकणच्या किनाऱ्याला धम्म सांगत होता!

धाकट्याने विचारले, "यवनांत जाती होत्या का?" याचे उत्तर खुद्द भगवंतांनी अस्सलायन या ब्राह्मण तरुणाला दिले आहे. योन आणि कंबोज देशांत मालक आणि दास असे दोनच वर्ण आहेत, आणि तिथे मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? म्हणजे गुलामी तिथेही होती. पण जन्माने चिकटलेली जात जगात सगळीकडे नाही, हे भगवंतांनी त्या काळात दूरच्या देशाचा दाखला देऊन पटवले. म्हणूनच समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे सांगणारे सांगत राहिले. जग पाहिले की जातीचे खोटेपण उघडे पडते!

४ ऑक्टोबर १९३० रोजी बाबासाहेब मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने गोलमेज परिषदेला निघाले. असाच शरद होता. त्यांची बोट सुएझ कालव्यातून त्या भूमध्य समुद्रात शिरली. पूर्वी तिकडची जहाजे शरदात आपल्याकडे येत. त्या शरदात आपला माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन तिकडे गेला.

सूर्य पाण्यात गेला तेव्हा सासूबाईंनी हात जोडले नाहीत, नारळ मागितला नाही. त्या नुसत्या बघत बसल्या होत्या.

दगडावरचे नाव

मुक्काम कल्याणला माझ्या मावसबहिणीकडे केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चैत्यभूमी. सासूबाईंची ती राहूनच गेली होती. बाबासाहेबांच्या अस्थींपुढे त्या बराच वेळ डोके टेकून होत्या. तिथून फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. भुईगावला १९५६ साली मिळालेला नवव्या लेखाचा दगड येथे आहे.

दगड काळसर, अक्षरे बारीक. थोरलीने गुरुजींनी वहीत उतरवून दिलेला अर्थ वाचायला सुरुवात केली. लोक नाना प्रकारची मंगले करतात. आजारपणात करतात, मुलामुलींच्या लग्नात करतात, मूल जन्मले की करतात, प्रवासाला निघताना करतात...

थोरली वाचता वाचता अडखळली. प्रवासाला निघताना! आजारपणात! आमच्या घरातला सगळा पाढाच दगडावर होता. ती पुढे वाचू लागली. यात बायका तर पुष्कळ, क्षुल्लक आणि निरर्थक मंगले करतात...

यांनी मान वर केली. आता हे काही बोलतील म्हणून माझ्या छातीत धस्स झाले. मला राजाचाही थोडा राग आला. आजारी पोराच्या उशाशी रात्र काढायला बाईच बसते, म्हणून मिरच्याही तिच्याच हातून उतरतात! पण लेख तिथे संपत नाही. मंगले करायला हरकत नाही, पण यांचे फळ थोडे. मोठे फळ देते ते धम्ममंगल. ते कोणते? दास आणि भृतकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. आणि मग राजा सांगतो : म्हणून बापाने, मुलाने, भावाने, मालकाने सांगावे की हे चांगले आहे, हे करावे.

"मुलाने सांगावे," थोरली पुन्हा एकदा वाचून गेली. मुद्दाम की सहज, तिचे तिलाच ठाऊक. मुलाने सांगावे असे राजाने लिहिले. मुलाने ओरडावे असे लिहिले नाही. केवढा सम्राट, एका शब्दाने बंदी घालू शकला असता. पण तो दगडावरही समजावून सांगतो. आणि गुरुजनांचा आदर तर धम्ममंगलातच मोडतो, त्यात आई आलीच.

सासूबाईंनी विचारले, "दास-भृतक म्हंजे कोन वं?"

उत्तर यांनी दिले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते आईशेजारी जाऊन उभे राहिले. "आई, दास म्हणजे गुलाम. भृतक म्हणजे मजुरीवर राबणारा माणूस. सालदार. कापूस वेचणारी बाई."

"म्हंजे आपुन?"

"हो, आपणच."

त्या काचेजवळ सरकल्या. उभ्या आयुष्यात त्यांना शाळेचा दगड लाभला नाही, अक्षर येत नाही. पण त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. "मंग मन्हं नाव बी व्हतं म्हना त्या दगडवर."

कापूस वेचणाऱ्यांचे नाव कुठे येत नाही, असे मला गाडीत वाटले होते. आले होते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, ज्या बंदरातून तो कापूस विणून परदेशी गेला, त्याच बंदरात राजाने लिहून ठेवले होते की राबणाऱ्याशी नीट वागा, ते सर्वांत मोठे मंगल आहे. ज्यांनी आम्हाला वरून भाकरी टाकली, त्यांच्यापर्यंत तो दगड पोचला नाही. तो मातीत गाडला गेला होता. तो वाचण्याचे काम आता आपल्या लेकरांचे आहे.

अकरा रुपये

परतीच्या गाडीची वाट पाहत आम्ही फलाटावर बसलो होतो. एक पन्नाशीची बाई झाडू मारीत आली. आमच्या पिशव्या उचलाव्या लागतील म्हणून ती दबकत म्हणाली, "जरा पाय वर घेता का?" सासूबाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवले. मग लुगड्याच्या कनवटीची गाठ सोडली. त्यात अकरा रुपये होते. कोणते, ते मी ओळखले. दोन वर्षे नवसाचे म्हणून बांधून ठेवलेले. त्यातले दहा त्यांनी धाकट्याच्या हातावर ठेवले. "जाय, मावशीले चहा आन."

उरलेला एक रुपया त्यांनी पुन्हा गाठीला मारला. मी हसले तर म्हणाल्या, गाठ रिकामी ठेवू नये. एवढे चालायचेच!

हे सगळे पाहत होते. ते उठले आणि आणखी एक चहा घेऊन आले, तो आईपुढे धरला. दोघे काही बोलले नाहीत. पण जळगावला उतरताना आईची पिशवी यांच्या खांद्यावर होती. गाडीत बसल्यापासून दोघे अहिराणीत धुळ्याकडच्या गावच्या विहिरीची, कापसाच्या बोंडांची, मेलेल्या सासऱ्यांची गोष्ट करीत होते. आठव्या लेखात वृद्धांची भेट आणि विचारपूस लिहिली आहे. ती आमच्याच घरात राहून गेली होती.

बंधू-भगिनींनो, परदेशच्या सहली ज्यांना परवडतात त्यांनी जरूर कराव्यात. आपल्या मुलांनी शिकून तो भूमध्य समुद्रही पाहावा, अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर उभे राहून पूर्वेकडे बोट करावे आणि तिथल्या लोकांना सांगावे की तुमच्या राजांची नावे आमच्या राजाने दगडावर कोरून ठेवली आहेत. पण तोवर सोपारा जवळ आहे. खान्देशातून दादर, तिथून विरार लोकलने नालासोपारा पश्चिम, पुढे रिक्षा. पिण्याचे पाणी आणि भाकरी बरोबर घ्या. पाऊस संपल्यावर, अश्विन पौर्णिमेनंतर जा. वस्तुसंग्रहालयाला तिकीट आहे आणि काही दिवशी ते बंद असते, तेवढी चौकशी आधी करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. घर राखायला कुलूप पुरे होते.

वंदनेच्या शेवटी आपण सर्वांचे मंगल चिंतितो. ते मंगल म्हणजे काय, हे आता आमच्या धाकट्यालाही विचारले तर तो सांगतो, "कामवालीला आधी चहा."

जयभीम.